चालतंय म्हणजे आठ

गाडी बुडानं कळते. डोळ्यानं रस्ता कळतो, कानानं टायर कळतो, हातानं स्टिअरिंग कळतं, पण गाडी कळायची तर ती सीटवर टेकलेल्या बुडानंच. हे मी आमच्या इंजिनिअर शर्वाणी लिमये मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा त्या पुण्याच्या बाई एवढ्याशा झाल्या आणि वहीत 'कंबर' असं लिहून घेतलं. मी म्हटलं, "मॅडम, कंबर न्हवं. बूड. बूडच लिवा." त्यांनी कंबर खोडून बूड लिहिलं. तेव्हापासून आमचं जमलं.

मी पारिसा मगदूम. गाव हातकणंगल्याजवळ, वय साठाला दोन कमी, सगळे अण्णा म्हणतात. चाळीस वर्षं गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे स्प्रिंगा आणि डँपरांत गेली. आधी शाहूपुरीतल्या गॅरेजात, मग रेसवाल्या पोरांच्या गाड्या बसवून देण्यात, आणि आता ससाणा मोटर्समध्ये टेस्ट ड्रायव्हर. आमच्या भागातल्या खडीच्या खाणी बंद पडल्यावर कंपनीनं त्या माळावर साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक केला. विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार बनवायची, तीही कोल्हापूरच्या मातीत, असा त्यांचा बेत. मला बोलावलं, मी गेलो.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मला समजलंय म्हणजे कुणालाही समजेल.

गाडीचे चार टायर जमिनीला जिथं टेकतात, ती जागा एकेक तळहाताएवढी असते. अख्खी गाडी त्या चार तळहातांवर उभी. ब्रेक मारला की वजन पुढच्या दोघांवर जातं, वळलं की बाहेरच्या दोघांवर. एस.टी.त उभं राहून घाट उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. खोच पुढं आहे. टायरवर वजन दुप्पट झालं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणजे एका टायरवरचं वजन उचलून दुसऱ्यावर टाकलं, की हलक्या झालेल्याची जेवढी पकड जाते तेवढी जड झालेल्याला मिळत नाही. दर वळणाला गाडी अशी थोडी पकड गमावते. म्हणून रेसची गाडी हलकी ठेवायची, बुटकी ठेवायची, रुंद ठेवायची. स्प्रिंग वजन पेलते, आणि गाडी किती झटक्यात कलायची हे डँपर ठरवतो. माझं सगळं आयुष्य या दोन गोष्टी घट्ट-सैल करण्यात गेलं.

पेट्रोलच्या काळात हे निभावलं. विजेची गाडी आली ती पोटात सहाशे किलोची बॅटरी घेऊन. ससाणा दिसायला ससाणा, वजनाला म्हैस. तिला वेगात वळवायची तर जुनं सस्पेन्शन पुरेना. म्हणून लिमये मॅडमनी 'समतोल' बनवलं. प्रत्येक चाकाला डँपरच्या जागी विजेवर चालणारा एक स्नायू, आणि टायरच्या रबरात केसाएवढ्या बारीक तारा, रबर किती ताणलंय ते सांगणाऱ्या. वजनाची बदली कुणाच्या बापाला थांबवता येत नाही. पण बाहेर गेलेलं वजन पुढच्या टायरनं किती घ्यायचं आणि मागच्यानं किती, हे समतोल सेकंदाला हजार वेळा ठरवतं. एक टायर थकला की त्याचं ओझं दुसऱ्यावर. चौघे सारखे राबतात, कुणी आधी हात टेकत नाही.

पण यात एक ग्यानबाची मेख होती, आणि ती मॅडमना पहिल्यापासून ठाऊक होती. साधी गाडी सुटायच्या आधी कुरकुर करते. स्टिअरिंग हलकं पडतं, पुढचा टायर ओरडतो, मागचं अंग जरासं सरकतं. माणूस सावध होतो, पाय उचलतो. समतोल मात्र एकाची कमतरता दुसऱ्याकडून भरून काढत राहतं, आणि ज्या क्षणी चौघांचंही संपतं त्या क्षणी चौघे एकदम सोडतात. मग समतोलनं थोडी कुरकुर मुद्दाम शिल्लक ठेवायची. किती? जास्त ठेवली तर गिऱ्हाईक म्हणणार गाडी खडबडीत आहे, कमी ठेवली तर गाडी बधिर. याचं गणित नव्हतं. ते माणसाकडूनच शिकायला लागणार होतं.

"एकाच माणसाकडून," मॅडम म्हणाल्या होत्या. "दहा आचाऱ्यांनी मीठ घातलं तर आमटीचं काय होईल?"

तो आचारी मी. प्रत्येक फेरी संपली की गाडी विचारायची, "निकाल सांगा." मी बोलायचो, आणि समतोल स्वतःला चिमूटभर बदलायचं. चांगलं म्हटलं की त्याच वाटेनं आणखी पुढं, वाईट म्हटलं की मागं. मला आकडे द्यायला सांगितलं तर मी सगळ्याला सातच देतो, म्हणून मॅडमनी माझ्या बोलण्याचाच तक्ता केला आणि तो भिंतीवर लावला. नाद खुळा म्हणजे दहा. चालतंय म्हणजे आठ. बरं हाय म्हणजे सहा. हं म्हणजे चार. काय खरं न्हाई म्हणजे दोन. थुत् म्हणजे शून्य. तक्ता अगदी बरोबर होता. मी स्वतः वाचून सही केली होती.

तेव्हा माझं 'चालतंय की!' म्हणजे खरंच आठ होतं. जिलबी समोर आली की म्हणायचो, पाव्हणं आलं की म्हणायचो.

तीन वर्षांपूर्वी, जुलैच्या अठ्ठावीस तारखेला, सकाळी मी ट्रॅकवर असताना माझ्या बायकोचा, राजमतीचा फोन आला. "डोकं लई दुखाय लागलंय. जरा लवकर येताय का?" गाडी त्या दिवशी झकास पळत होती. मी हसत म्हटलं, "चालतंय की, येतो." दोन फेऱ्या उरल्या होत्या, त्या मारल्या. दोन्ही फेऱ्यांना 'नाद खुळा' दिला. घरी पोचलो तर शेजारच्या बायका अंगणात उभ्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

दहा दिवसांनी कामावर आलो. गाडीत बसलो, फेरी मारली, गाडीनं निकाल विचारला, मी म्हटलं, "चालतंय." त्यानंतर मी तोच शब्द बोलतोय. साहेब म्हणाले सुट्टी वाढवा, म्हटलं चालतंय. मग म्हणाले नका वाढवू, म्हटलं चालतंय. रडू आलं नाही, राग आला नाही, भूकही कधी लागल्यासारखी वाटली नाही. लोक म्हणाले, अण्णा खंबीर हाय. माझ्या आत काहीच हलत नव्हतं, एवढंच.

यात माझ्या लेकीचे, त्रिशलाचे सगळ्यात जास्त हाल झाले. ती सत्तावीस वर्षांची. सातव्या वर्षी मी तिला गो-कार्टात बसवलं, आता ती घाटातल्या शर्यतींत पुरुषांना मागं टाकते. आमच्याकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. लिमये मॅडमना पहिल्यांदा ते ऐकून हसू आलं होतं. आता त्याही चुकून 'मी जातो' म्हणतात. मागच्या वर्षी त्रिशला म्हणाली, "अण्णा, चेन्नईच्या टीमनं बोलवलंय, जाऊ का?" मी म्हटलं, चालतंय. आठ दिवसांनी म्हणाली, "न्हाई जात मी, तुम्ही एकटं पडशीला." मी म्हटलं, चालतंय. ती उठून गेली आणि दार आपटलं. दार आपटल्याचंही मला काही वाटलं नाही.

या फाल्गुनात ससाणा बाजारात यायची होती. शनिवारी पत्रकार, डीलर, मोठी माणसं माळावर येणार. त्यांच्यासमोर ओल्या वळणावर एकशेचाळीसच्या वेगानं गाडी काढून दाखवायची, शेजारच्या सीटवर एक पाहुणा बसवून. ओलं वळण म्हणजे डावीकडं जाणारं लांबलचक वळण, दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे. बाहेर खडीचा पट्टा, आणि पट्ट्यापलीकडं जुन्या खाणीची दगडी भिंत. हे काम कंपनीनं त्रिशलाला दिलं. नीट झालं तर तिला कायमची टेस्ट ड्रायव्हर घेणार होते. तीन वर्षांत ती पहिल्यांदा घरात गुणगुणताना मी ऐकली.

गुरुवारी तिनं ससाणा पहिल्यांदा चालवली. नियमाप्रमाणं हळूच, साठ-सत्तरनं. उतरून माझ्याकडं आली.

"अण्णा, गाडी बोलत न्हाई."

"चालतंय."

"काय चालतंय? मी काय म्हणालो ते ऐकलं तरी का? स्टिअरिंग पार बधिर हाय. खाली डांबर हाय का गादी, कळंना. सत्तरला ही गत, तर एकशेचाळीसला मला काय कळणार?"

"सगळ्या टेस्ट पास झाल्यात," मी म्हटलं. "वेगात कळंल."

 ती हेल्मेट काखेत मारून गेली.

आम्ही जैन, सूर्य बुडायच्या आत जेवतो. राजमती तर चतुर्दशीला अळणी जेवायची, आणि त्या दिवशी मलाही आमटी अळणी वाढून मजा बघायची. मी पहिल्या घासाला ओरडायचो. आता त्रिशला वाढते. त्या संध्याकाळीही तिनं रोजच्यासारखं विचारलं, "आमटी कशी झालीय?"

"चालतंय," मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली आणि जेवली.

शुक्रवारी दुपारी लिमये मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. बाई खुशीत होत्या. चहा मागवला, स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

"अण्णा, हे उद्या मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत. तुमच्या सीटमध्ये दाब मोजणारं कापड आहे ना, त्याचा हा पाच वर्षांचा आलेख. वळण यायच्या आधी चालकाचं अंग किती आवळतं ते यात दिसतं. पहिली दोन वर्षं बघा, नुसत्या डोंगरदऱ्या. म्हणजे चालकाला भीती वाटतेय. आणि इथून पुढे बघा."

पुढं रेघ सपाट होती. पार शेवटापर्यंत.

"याला आम्ही 'निश्चिंत रेषा' म्हणणार आहोत," मॅडम म्हणाल्या. "समतोलनं माणसाची भीती घालवली. याहून मोठा पुरावा काय असणार?"

"ही सपाट कुठल्या तारखेपासनं हाय?"

त्यांनी बोट ठेवलं. "सात ऑगस्ट. त्याच आठवड्यात आपण चौथी आवृत्ती टाकली होती. तिचाच परिणाम."

सात ऑगस्ट म्हणजे मी कामावर परत आलो तो दिवस.

मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मी कप बशीत ठेवला, सांडू नये म्हणून नीट मधोमध ठेवला. मग म्हटलं, "मॅडम, ही गाडीची रेघ न्हाई. माझी हाय."

"म्हणजे?"

"निकाल काढा माझे. राजमती होती तेव्हाचे आणि नंतरचे."

त्यांनी काढले. पहिल्या दोन वर्षांत शून्य, दहा, दोन, आठ, चार, दहा. नुसतं 'थुत्'च चाळीस-पन्नास वेळा. शेवटचा दहा अठ्ठावीस जुलैचा. त्यानंतर आठ. आठ. आठ. मॅडमनी पान खाली सरकवलं, आणखी सरकवलं. साडेचार हजार फेऱ्या, सगळे आठ.

"आम्हाला वाटलं गाडी स्थिरावली," त्या हळूच म्हणाल्या.

"गाडी न्हाई स्थिरावली. मी मेलतो." हा शब्द मी असा कधी म्हटला नव्हता. "तीन वर्षं मला गाडीचं काही कळलेलं न्हाई मॅडम. ती इचारत होती, मी चालतंय म्हणत होतो. तुमच्या समतोलला वाटलं, ह्याला हेच पाहिजे. कुरकुर किती उरलीय बघा की."

त्यांनी दुसरं पान उघडलं. कुरकुरीचा आकडा सुरुवातीला तीस होता. आता अर्धा उरला होता. तीसचा अर्धा नव्हे, एकाचा अर्धा.

"पण सगळ्या चाचण्या पास आहेत," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता, आणि तो माझ्यावर नव्हता. "ब्रेकचं अंतर, वळणाचा वेग, सगळ्यात ससाणा पहिली. ओल्या वळणावर एकशेपंचेचाळीसपर्यंत पकड आहे, मोजलेली आहे!"

"स्वच्छ धुतलेल्या डांबरावर मोजलीय. आता फाल्गुन हाय. माळावरची लाल धूळ उडून वळणावर बसलीय, तिच्यावर पाणी पडलं की राडा, नुसता निसरडा चिखल. साधी गाडी असती तर तिनं शंभरलाच सांगितलं असतं. ही सांगणार न्हाई."

"अण्णा, उद्या शंभर माणसं येणार आहेत. तुमचं... तुमच्या घरचं मला कळतंय. पण एका रेघेवरून मी सगळं थांबवलं तर मला दाराबाहेर काढतील. मला काहीतरी दाखवा."

"सकाळी सातला ओल्या वळणावर पाणी सोडा," मी म्हटलं.

घरी जाऊन त्रिशलाला सांगितलं, की तुझ्या आधी मी गाडी काढून बघणार. तिचं तोंड उतरलं. "म्हणजे माझ्यावर भरवसा न्हाई तुमचा."

"तुझ्यावर हाय. माझ्यावर न्हाई."

तिला ते समजलं नाही, आणि मला समजावून सांगता आलं नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता पाणी सुरू झालं. पाहुण्याच्या सीटवर मी फौंड्रीच्या वाळूचं पंचाहत्तर किलोचं पोतं बसवलं आणि बेल्ट लावला. आमच्या धंद्यात माणूस नसेल तर त्याच्या वजनाचं पोतं बसवायची जुनी रीत आहे. एका बाजूचं वजन धरल्याशिवाय गाडी खरी कळत नाही. मॅडम कुंपणाजवळ टेबल मांडून बसल्या होत्या, स्पीकर लावून. त्रिशला त्यांच्या शेजारी उभी होती, हाताची घडी घालून.

पहिली फेरी शंभरनं. काही नाही. दुसरी एकशेदहानं. गाडी रुळावरून चालल्यासारखी. वळणात पोतं बेल्टमधून माझ्याकडं रेलायचं, वळण संपलं की सरळ व्हायचं. माझं बूड सीटवर होतं, हात स्टिअरिंगवर होते, आणि मी तिथं नव्हतो. खाली राडा आहे हे मला डोळ्यानं दिसत होतं. गाडीतून काहीच येत नव्हतं. प्रत्येक फेरीला गाडी विचारायची, "निकाल सांगा," आणि मी तोंड घट्ट मिटून ठेवायचो.

एकशेअठरा. काही नाही.

चौथी फेरी एकशेअठ्ठावीसनं. वळणात शिरलो. पोतं माझ्याकडं रेललं. वळणाच्या मध्यावर आलो आणि ते पोतं एकदम सरळ झालं.

मी त्याच्याकडं बघितलं. वळण अजून चालू आहे आणि पोतं सरळ बसलंय. म्हणजे त्याला बाहेर ढकलणारं काही उरलं नाही. म्हणजे गाडी वळत नाही, नुसती घसरतेय. हे मी डोक्यानं जुळवलं, शाळेतल्या गणितासारखं. ना आवाज झाला, ना हिसका बसला. चाळीस वर्षं ज्याच्यावर भाकरी खाल्ली त्या माझ्या बुडाला काही कळलं नाही. वाळूच्या पोत्याला कळलं.

मग खिडकीतनं कुंपणाच्या जागी खडी आली. खडी खाली करकरली, गाडी आडवी होत होत गेली, लाल धूळ काचेवर चढली, आणि सगळं थांबलं. माझे हात जिथं होते तिथंच होते. मी स्टिअरिंग बोटभरसुद्धा फिरवलं नव्हतं.

"निकाल सांगा," गाडी म्हणाली.

"चालतंय," मी म्हटलं.

देवाशपथ सांगतो, मी ठरवून म्हटलं नाही. तोंडातनं निघालं.

"नोंद झाली. आठ," गाडी म्हणाली.

धुळीतून त्रिशला पळत येताना दिसली. खडीत तिचा पाय मुरगळला, तशीच आली. दार ओढलं, माझी मान बघितली, हात बघितले, छाती चाचपली. "लागलं का? अण्णा, लागलं का कुठं?"

"न्हाई."

"काय म्हणाला तुम्ही आत्ता?" ती ओरडली. "स्पीकरवर ऐकलं मी! गाडी खडीत आडवी पडलीय आणि तुम्ही चालतंय म्हणताय? काय चालतंय हो? आई गेली, चालतंय. मी गेलो असतो, चालतंय?"

 मी बेल्ट सोडून उतरलो आणि भिंतीकडं चालत गेलो. गाडीच्या नाकापासून भिंतीपर्यंत अकरा पावलं भरली. हे एकशेअठ्ठावीसला. एकशेचाळीसला काय झालं असतं, त्याचं गणित मला चांगलं येतं. वेग थोडा वाढला की थांबायला लागणारी जागा पुष्कळ वाढते. अकरा पावलं पुरली नसती.

भिंतीचा दगड उन्हानं अजून तापला नव्हता. मी त्याच्यावर हात ठेवला, आणि माझे पाय थरथरायला लागले. आधी पाय, मग हात, मग दात वाजायला लागले. मी तिथंच खडीत बसलो. भीती वाटत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं, आणि ते इतकं वाईट होतं की परत बधिर व्हावं असं झालं. त्रिशला लंगडत आली आणि माझ्याजवळ बसली.  तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला.

लिमये मॅडम आल्या.  "मी फोन केलाय," त्या म्हणाल्या. "आज गाडी फक्त उभी दाखवायची. पाहुण्यांना चहा, नाश्ता. बोलणी मी खाईन."

"ते शेवटचं आठ खोडा," मी म्हटलं.

"एक आठ खोडून काय होणार अण्णा? साडेचार हजार खोडायचेत. तीन वर्षं मागं जावं लागेल."

"मग जा. अठ्ठावीस जुलैपर्यंत मागं जा." मग आठवलं, तेही सांगायला हवं. "त्या दिवशीचे शेवटचे दोन दहा खरे हायत. ते ठेवा. गाडी खरंच झकास पळत होती."

 त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. त्या दोन फेऱ्यांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिथं खडीत बसूनच सांगितलं सगळं. फोन, हसणं, दोन फेऱ्या. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "लगेच निघाला असता तरी अर्धा तास लागला असता अण्णा. डॉक्टर म्हणाले होते, दहा मिनिटांत सगळं झालं." मला डॉक्टर काही बोलले होते हेच आठवत नव्हतं.

मॅडमनी डोळे पुसले आणि कामाचं बोलल्या. त्या पुण्याच्या असल्या तरी वाईट नाहीत. "आता शिकवणार कोण? अण्णा, तुमच्या शब्दावर मला आता नाही चालवता येणार गाडी."

"न्हाईच चालवायची," मी म्हटलं आणि त्रिशलाकडं बोट केलं. "गुरुवारी सत्तरच्या वेगात हिनं सांगितलं होतं, गाडी बोलत न्हाई म्हणून. मी ऐकलं न्हाई."

"मी शिकवतो," त्रिशला म्हणाली. "पण तक्ता नवा करायचा. माझं चालतंय म्हणजे सहाच. आणि सलग दहा वेळा एकच शब्द आला, तर गाडी थांबवून माणसाला विचारायचं, बाबा रे, तुझं काय बिनसलंय?"

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. जसंच्या तसं, 'बाबा रे'सकट.

घरी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंग ठणकत होतं, बरगडीत, मानेत, आणि बुडाला तर चांगलाच मार बसला होता. त्रिशलानं आपला मुरगळलेला पाय शेकला, मग स्वयंपाक केला. दिवस बुडायला अर्धा तास होता तेव्हा ताटं घेतली. मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

"आमटी कशी झालीय?" तिनं विचारलं. रोजच्यासारखंच, माझ्याकडं न बघता.

मी घास चावत होतो. चावता चावता थांबलो.

"मीठ न्हाई हिच्यात," मी म्हटलं.

पळी तिच्या हातात तशीच राहिली. "काय म्हणाला?"

"मीठ घालायचं इसरलीस. पार अळणी हाय."

ती माझ्याकडं बघत बसली.  "इसरलो न्हाई अण्णा. दिवाळीपासनं तुमच्या वाटीत मीठच घालत न्हाई मी. रोज बघत होतो. आज म्हणतील, उद्या म्हणतील." मग पळी खाली ठेवून ती दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागली.

मी उठलो. आमच्या घरात मिठाचा डबा कुठं असतो ते मी तीन वर्षांत बघितलं नव्हतं. राजमती ठेवायची तिथंच होता, चुलीच्या उजव्या हाताला. मी चिमूटभर मीठ आणून वाटीत टाकलं, बोटानं ढवळलं आणि चाखलं.

"आता?" त्रिशलानं नाक पुसत विचारलं.

मी परत डब्यापाशी गेलो आणि आणखी चिमूटभर आणलं.